पडद्याबाहेरचे डॉक्टर

लेनॉक्स डॉक्टरांची पत्रं स्कॉटलंडहून आली, तेव्हा किशोर गायकवाडांना त्यातून मिळवायचं होतं ते एवढंच: इमारतीवर आजोबांचं नाव. बाकी त्यांना कसली ददात नव्हती. गंगापूर रोडवर स्वतःची पॅथॉलॉजी लॅब होती. पण नाशिकच्या डॉक्टरमंडळींत ओळख करून देताना कोणी ना कोणी म्हणायचंच, यांचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. जोर 'मिशन'वर नसायचा, 'कंपाउंडर'वर असायचा. सायखेड्याच्या बाजूला गोदाकाठी त्याच दवाखान्याचं नवं प्रसूतिगृह बांधून तयार होतं. त्याला योहान गायकवाडांचं नाव लागलं, की तो जोर उतरणार होता.

दवाखान्याच्या ट्रस्टची अट रास्त होती: पुरावा दाखवा. योहान हे डॉक्टरांचा उजवा हात होते, असं आजवर फक्त गायकवाडच सांगत आले होते. लेनॉक्स प्रेस्बिटेरियन मिशनचे, १९३१ साली आले आणि तेरा वर्षं राहिले. त्यांच्या नातीला घरी पत्रांची पेटी सापडली आणि तिनं सगळ्या पत्रांचे फोटो पाठवले. भाषांतराचं काम किशोररावांनी बायकोला दिलं. प्रतिभाताई नाशिक रोडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वाईट अक्षर वाचायची त्यांना तीस वर्षांची सवय होती आणि घरच्या कामाला त्या नाही म्हणणार नव्हत्या.

आईला लिहिलेली पत्रं सोपी गेली. ती रविवारी तिकडच्या चर्चमध्ये मोठ्यानं वाचली जात आणि मग अर्पणाची थाळी फिरे. त्यामुळे प्रत्येक सुखरूप बाळंतपणाचं श्रेय डॉक्टर परमेश्वराला देत, थोडं स्वतःकडे ठेवून. 'माझा विश्वासू योहान' असं त्यात अकरा वेळा होतं. किशोररावांनी मोजलं आणि ट्रस्टींना फोनवर तसं कळवूनही टाकलं.

मग बहिणीची पत्रं निघाली. एल्सीला लिहिताना डॉक्टरांना थाळीची काळजी नव्हती.

तेव्हा अडलेल्या बाईपाशी पुरुष डॉक्टरला जाऊ देत नसत. खोलीच्या दारात लुगडं बांधत. आत सरुबाई दाई, बाहेर स्टुलावर डॉक्टर आणि लुगड्याला पाठ करून मधे उभा योहान. डॉक्टर इंग्रजीत सूचना देत, योहान त्या मराठीत आत सांगे, आतलं उत्तर बाहेर देई. उत्तर नेहमी एकच: होय साहेब, तसंच केलं. आठ वर्षं असं चाललं. एका हिवाळ्यात योहान तापानं झोपला आणि डॉक्टरांना स्वतःच्या मोडक्या मराठीवर भागवावं लागलं. त्यांनी सूचना दिली. बाहेर योहान नाही, हे आत सरुबाईला ठाऊक नव्हतं. आतून आलेलं उत्तर त्यांनी जसंच्या तसं, इंग्रजी अक्षरांत, बहिणीला कळवलं होतं. प्रतिभाताईंनी ते वाचून दाखवलं:

"योहाना, तुझ्या साहेबाला नेहमीचं सांगून टाक. मूल आडवं हाय, मी फिरवते माझ्या हातानं."

मूल जगलं, आईही जगली. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं की, एल्सी, आठ वर्षं मी एका लुगड्याला वैद्यकी शिकवत होतो; हे आईला सांगू नकोस.

किशोरराव म्हणाले, ट्रस्टला आईची पत्रं पुरेत. बहिणीची खासगी आहेत.

"अहो, भाषांतराखाली नाव माझं जाणार ना?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"तुझं नाव कोण वाचतंय?"

"म्हणजे आजोबांचं वाचायचं आणि माझं नाही वाचायचं?"

आजोबांनी वाईट काही केलं नाही, असंही प्रतिभाताईंनी समजावलं. ते खरं बोलले असते तर साहेब रुसले असते नाहीतर सरुबाई उठून गेली असती, आणि मेल्या असत्या त्या बाया. किशोररावांना हे पटलं. पण ते पाटीवर मावणारं नव्हतं.

पाच दिवस घरातलं बोलणं 'वाढू का'पाशी थांबलं. सहाव्या दिवशी किशोरराव आपणहून सगळी पत्रं ट्रस्टला देऊन आले. मोठं मन म्हणावं, तर डॉक्टरांची नात तीच पत्रं तिकडे छापणार होती, हेही त्यांच्या ध्यानात होतंच. ट्रस्टनं एकमतानं सरुबाईचं नाव ठरवलं आणि तिच्या घरी निरोप नेण्याचं काम, कोणाला तरी गंमत वाटली असावी, किशोररावांवरच टाकलं.

सरुबाईचा पणतू समाधान मंडप-डेकोरेशनचा धंदा करी. त्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लोटलं.

"किशोरभाऊ, लय उपकार तुमचे. पण नाव नको."

किशोररावांना वाटलं, नीट कळलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"कळलं हो. आमच्या पोरीचं, वैष्णवीचं लग्न ठरलंय. पाव्हण्यांना आम्ही मंडपवाले म्हणून माहीत. दाईची पाटी लागली, की आळी कुठली, जात कुठली, सारं निघंल. तुमचे आजोबा दारात उभे राह्यले तरी त्यांचं नाव चालतं. आमच्या म्हातारीचं नाय चालत."

किशोररावांनी ट्रस्टला नकार कळवला. कारण सांगितलं नाही. अध्यक्ष म्हणाले, मग राहता राहिलं योहान गायकवाडांचं, आमची काही हरकत नाही. ज्याच्यासाठी घरात पाच दिवस अबोला झाला, ते समोर आयतं आलं होतं.

"नको," किशोरराव म्हणाले. "ते असते तर म्हणाले असते, साहेबांचंच लावा."

तसंच लागलं. आपण बाहेर बसून होतो असं ज्यांनी स्वतः लिहून ठेवलं, त्या लेनॉक्सांच्या नावानं आता तिथे बाया बाळंत होतात. नातीनं पाटीचा फोटो मागवून घेतला. त्या घरचं काही गेलं नाही. किशोररावांचं एक नाव गेलं, पण ते त्यांनी आपल्या हातानं सोडलं. वैष्णवीचं लग्न ठरल्या तारखेला पार पडलं. गायकवाडांनाही पत्रिका आली होती. वर आशीर्वाद देणाऱ्या पूर्वजांची रांग होती, पणजोबा, आजोबा, आजी, सगळे कैलासवासी. त्यात सरुबाई नव्हती.