चेरीचं पिंप

माळ्याची किल्ली एर्सिलियाच्या गळ्यातच असे. सासूने ती हातात ठेवताना बजावलं होतं, "जिचं नाक चालतं, तिची किल्ली. वयाबियाचं काही नाही." तेव्हापासून इटलीतल्या स्पिलाम्बेर्तो गावच्या त्या घरातलं बाल्सामिको, म्हणजे द्राक्षरसाचा वर्षानुवर्षं मुरवलेला सिरका, एर्सिलियाच्या नाकावर मुरत आलं होतं.

द्राक्षं निघाल्यावर तिला ताप आला. ताप उतरला, पण नाक घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी, लसूण म्हणजे नुसती जळजळ. तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! किल्ली गेली की या घरात आपण फक्त जेवणारं तोंड, ही भीती तिला खात होती.

माळ्यावरची पाच पिंपं लेकीच्या, नोरिनाच्या जन्माच्या वर्षी मांडलेली. मुलीला लग्नात द्यायची म्हणून. नोरिना लग्न होऊन चार घरं पलीकडे गेली, पण मुरलेली पिंपं हलवू नयेत, म्हणून पिंपं आईच्याच माळ्यावर राहिली. दर हिवाळ्यात मायलेकी मिळून सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढत, त्याची तूट शेजारच्या पिंपातून भरत, त्याची पुढच्यातून, आणि सगळ्यात मोठ्यात आटवलेला नवा द्राक्षरस. ओतण्याआधी प्रत्येक पिंपाला नाक लावायचं.

यंदा एर्सिलियाने शनिवारी एकटीनेच सगळं उरकलं. रंग काळाभोर होता, थेंब चमच्याला चिकटत होता. तिने नाकाऐवजी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

रविवारी नोरिना जेवायला आली. चीजच्या तुकड्यावर काल काढलेले दोन थेंब घालून तिने बोटं चाटली आणि पिंपं बघायला वर गेली.

"आई! वर ये. आत्ताच्या आत्ता."

एर्सिलिया धापा टाकत पोचली. नोरिना लहानापासून तिसऱ्या, चेरीच्या लाकडाच्या पिंपापाशी उभी होती. भोकावरचं फडकं बाजूला होतं.

"याचा वास घेतला होतास?"

"म्हणजे काय! पहिल्यांदा का करतेय मी हे?"

नोरिनाने चमचा बुडवून पुढे केला. "मग सांग."

एर्सिलियाने चाटलं. जिभेला आंबट-गोड काहीतरी लागलं. "चेरी," ती ठासून म्हणाली. "उत्तम."

"आई, रंगाऱ्याच्या डब्यासारखा वास मारतोय गं त्याला. डोकं उठलं माझं." नोरिनाचा आवाज फाटला. "आणि तू हे दुसऱ्या पिंपात ओतलंस?"

"ओतलं."

"कधीपासून येत नाही वास?"

"तापापासून."

"मला सांगायचं होतंस! काय खाणार होते का मी तुला?"

लहान पिंप तेवढं वाचलं होतं. त्याची तूट दुसऱ्यातून भरली, तेव्हा दुसरं अजून बिघडलं नव्हतं. पण पुढच्या हिवाळ्यात त्यात ओतायला काही उरलं नव्हतं. चाळीस वर्षं तिने एका शनिवारात घालवली होती.

एर्सिलियाने गळ्यातली किल्लीची दोरी काढून लेकीच्या हातात ठेवली. लहान पिंपातून नोरिनाने चमच्यावर थेंब घेतला, चाखला, आणि दरवर्षीच्या सवयीने दुसरा थेंब आईच्या ओठांना लावला.

"कसं झालंय?" तिने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

एर्सिलियाने तो थेंब बराच वेळ तोंडात धरला.

"दाट आहे," ती म्हणाली. "एवढंच कळतंय मला."