देवीपुढची पेने

नंजनगूडच्या वाटेवरील त्या कपड्यांच्या कारखान्यात दरवर्षी कामगारांचे मत विचारले जाई, आणि विचारले की विचारणाऱ्यांचे समाधान होई. गेल्या वर्षी इस्त्रीखात्यातील बायका लिहायलाच तयार नव्हत्या. खात्याची पर्यवेक्षक कृष्णवेणी हिने त्यांना शब्द दिला : खरे लिहा, या खेपेस वाचले जाईल. सगळ्यांनी एकच लिहिले. वाफेने जीव घुसमटतो, हवा बाहेर ओढणारा पंखा बसवा. वर्ष उलटले. पंखा आला नाहीच, उन्हाळ्यात सुमित्राबाई मात्र टेबलापाशीच भोवळ येऊन पडल्या आणि शुद्धीवर येताच कृष्णवेणीला म्हणाल्या, "काय गं, वाचलं का त्यांनी?" तो टोमणा तिच्या मनात रुतून बसला.

यंदा व्यवस्थापक तिरुमलरावांनी या कामासाठी आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस निवडला. यंत्रे थांबलेली, माणसे एकत्र जमलेली, संध्याकाळी कागद बंगळूरच्या मुख्य कचेरीकडे रवाना. याहून सोयीचा मुहूर्त कोणता? स्वतः म्हैसुरातल्या जुन्या मराठी घराण्यातले असूनही घाईच्या भरात ते एक गोष्ट विसरले. पूजेला लावलेले हत्यार विजयादशमीपर्यंत कोणी उचलत नाही. कृष्णवेणी विसरली नव्हती. इस्त्र्या आणि कात्र्या पाटावर मांडताना तिने प्रत्येकीकडून पेन मागून घेतले व त्यांवरही हळदकुंकू वाहिले. तिरुमलराव आरतीला आले तेव्हा तिने ताट त्यांच्यापुढे धरले. त्यांनीही भक्तिभावाने खिशातले पेन काढून दिले.

प्रसादानंतर कागद वाटले गेले. कोणी हलेना. तिरुमलरावांनी कोठारातून नवी पेने आणवली, तेव्हा सुमित्राबाईंनी हात जोडले. "आज लिहायचंच नसतं, सार. तुमच्या घरी पाळत नाहीत होय?"

तिरुमलरावांनी कृष्णवेणीला बाजूला घेतले. वरच्या जागेसाठी तिचेच नाव पाठवायचे आहे, याची त्यांनी प्रथम गोडीने आठवण करून दिली; मग ही सरळसरळ अडवणूक आहे आणि तसे वर कळवावे लागेल, असे बजावले.

"कळवा की, सार," ती म्हणाली. "पण कशानं लिहाल? तुमचं पेनही देवीपुढंच आहे."

मागे कोणीतरी खुदकन हसले.

"सुम्ने, उगीच हट्ट करू नका, कृष्णवेणीबाई. दशमीला उचलणारच ना?"

"इस्त्र्या उचलू. पेनं नाही. गेल्या वर्षी लिहिलेलं तुमच्या कपाटात पडलंय. आधी त्याचं उत्तर द्या, मग नवं विचारा."

दशमी झाली. इस्त्र्या तापल्या, काम नेहमीसारखे चालू राहिले, आणि पेने पाटावर तशीच, सुकलेल्या शेवंतीखाली. बंगळूरचे फोन वाढत गेले. वरच्या जागेसाठी दुसऱ्याचे नाव गेल्याचे कृष्णवेणीला कळले. अखेर एके दुपारी तिरुमलराव समजूत घालायला स्वतः खात्यात आले. वाफेत उभे राहून त्यांनी बोलणे सुरू केले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, सदरा पाठीला चिकटला, आणि वाक्य अर्ध्यावर टाकून ते बाहेर पडले. त्यांनी बंगळूरला फोन लावला तो पंख्यासाठी.

मिस्त्री शिडी घेऊन आला. पाती फिरू लागली, वाफ भिंतीकडे ओढली जाऊ लागली, तेव्हा बायकांनी आपापली पेने उचलली. आता काय लिहायचे, असे सुमित्राबाईंनी विचारले.

"प्यायच्या पाण्यापासून सुरू करा," कृष्णवेणी म्हणाली, "आणि अक्षर मोठं काढा."