सिऊलुआनच्या जबड्यातली पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. टिटॅनियम धातूची, नखाएवढी, चार भोकांची. माझा पत्ता विचाराल तर तैवानमधलं ताइनान शहर, सिऊलुआनचा वरचा जबडा, नाकाशेजारी.

कारखान्यात मला कापलं, घासलं आणि डबीत बंद केलं. तिथे कंटाळा यायचा, पण माझ्या कामाची वेळ येणं म्हणजे कुणाचं तरी तोंड फुटणं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

सिऊलुआन देवळाच्या मिरवणुकीत सनई वाजवायची. एकदा समुद्रमातेची मिरवणूक आटोपून ती स्कूटरवरून निघाली. वारा लागू नये म्हणून जाकीट उलटं, पाठीची बाजू पुढे करून चढवलेलं. आमच्याकडे सगळे तसंच घालतात. हेल्मेट होतं, पण हनुवटी उघडी ठेवणारं, आणि अंबाडा दबू नये म्हणून पट्टा सैल. रस्त्यावर फटाक्यांच्या लाल कागदांचा भिजलेला खच. वळणावर चाक घसरलं आणि तिचं तोंड फुटपाथच्या कडेवर आपटलं. कुणाचा गाल खचतो, कुणाचं नाक चेपतं. हिचा वरचा जबडाच दातांसकट हलू लागला.

इस्पितळात डॉक्टर यौ बाईंनी आधी श्वास मोकळा केला, रक्त थांबवलं. सूज उतरल्यावर वरचे-खालचे दात जुळवून तारेने बांधले. मग हाडाच्या वळणाप्रमाणे मला वाकवून स्क्रूंनी घट्ट बसवलं.

"माझी पोर सनई वाजवेल ना हो?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"वाजवेल. पण मी सांगेपर्यंत फुंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच, तर तोंड उघडून!"

"ही जन्मात पहिल्यांदाच गप्प बसलीय, बाई," असं म्हणून वडील हसले आणि लगेच रडले.

पुढच्या वर्षीची मिरवणूक आली. तोवर दातांची तार सुटली होती आणि डॉक्टरबाईंनी फुंकायला परवानगीही दिली होती. सिऊलुआनने सनई ओठांना लावली. पहिला सूर फाटला.

"आता झांजा धर, पोरी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

तिने दात आवळले, छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा फुंकलं. मी सगळं बळ लावून हाड धरून ठेवलं. सूर चढला, चढतच गेला. पालखीवाले जागच्या जागी नाचू लागले. कधी कौतुक न करणारे तिचे वडील टाचा उंचावून ओरडले, "माझी मुलगी आहे ती!" मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला!

नंतर डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाड पक्कं जुळलंय. पट्टी काढायची का?"

"राहू दे. आता ती घरचीच आहे," सिऊलुआन म्हणाली.

हल्ली सिऊलुआनला माझी आठवणही होत नाही. नाही तर नाही, ती वाजवते आहे! तुम्ही मात्र हनुवटी झाकणारं हेल्मेट घाला, पट्टा आवळा. माझ्यासारखी पट्टी जन्मभर डबीत कंटाळली, तरी चालेल.