डावी पाकळी

विठू गुरवाने तिसरी पाकळी पाण्यात बुडवली, अंगठ्याने दाबून देवाच्या छातीवर मधोमध चिकटवली आणि मागे सरून गाऱ्हाणं घातलं. वकिलाचं नाव त्याने पुन्हा एकदा चिठ्ठीत बघून घेतलं. देवापुढे नाव चुकलं तर कौल भलत्याच माणसाचा मिळतो. गाभाऱ्यातला पंखा त्याने आधीच बंद केला होता. सगुण उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा होता. पाकळी उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. ती थोडा वेळ राहिली, मग सुटली आणि डावीकडे पडली.

"हीय डावी," विठू म्हणाला.

तीन वकील, तिघांनाही नकार. पहिल्या नावाला पाकळी पडली तेव्हा वरून मोपाचं विमान जात होतं, म्हणून विठूने ती मोजणीत धरलीच नव्हती, उचलून बाहेर टाकली होती. विमानतळ झाल्यापासून देवळात हा नवाच नियम निघाला होता, की हादऱ्याने पडलेली पाकळी देवाची नव्हे. विमानाचा आवाज पार विरल्यावर त्याने त्याच नावाला नवी लावली. तीही डावीकडेच पडली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सगुण कोर्टात गेला नव्हता, पण गेल्या दोन महिन्यांत तीन वकिलांच्या पायऱ्या चढून त्याचे गुडघे धरले होते. सगळी नोकरी फेरीबोटीवर गेलेला हा माणूस. चोपड्याचा पूल झाला, इथली बोट बंद पडली, तो दुसऱ्या धक्क्यावर गेला आणि तिथूनच निवृत्त झाला. पाण्याला तो कधी भ्याला नाही, पण कागद पुढे आला की त्याला घाम फुटे. आणि आता कागदावाचून गत्यंतर नव्हतं. हर्षा त्यांची एकुलती एक मुलगी, वयाने अडतीस आणि समजुतीने सहा-सात वर्षांची. तिला मागे ठेवून मरायची भीती नवराबायकोला रोज उशाशी घेऊन झोपावं लागे. घर आणि नदीकाठचं माडांचं भाट आपल्या पश्चात तिच्याच उपयोगी पडावं, तिला दोन वेळचं कुणी मायेनं वाढावं, एवढ्यासाठी मृत्युपत्र आणि ट्रस्ट. मोरजीकडचा जमिनीचा भाव चोपड्यापर्यंत येऊन पोचल्यापासून पुतणेही फार प्रेमाने विचारपूस करू लागले होते. गोव्याच्या कायद्याने अर्धी मालमत्ता बायकोची असतेच, म्हणजे सही लक्ष्मीचीही लागणार. तेव्हा वकील तिलाही पटायला हवा होता.

पहिला होता म्हापशाचा गौरेश, वयाने हर्षाहूनही लहान. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं, विश्वस्त कोण असावेत, हर्षाचं औषधपाणी कुणी बघावं, सगळं विचारलं. मग मान वर न करता त्याने आणखी एक विचारलं.

"आणि हर्षाबाय तुमच्या आदी गेली तर? मगे हे कोणाक?"

लक्ष्मी उठली. हर्षाचा हात धरून ती जिना उतरून गेली. मागे राहिलेल्या सगुणला गौरेशने समजावलं, की काकी रागावल्या ते बरोबरच आहे, पण अशा कागदात हे लिहावंच लागतं, नाहीतर पुढे भांडणं होतात. सगुणने मान डोलावली आणि तोही उतरला.

त्या संध्याकाळी लक्ष्मीने हर्षाची दिष्ट काढली. मीठ-मिरच्या तिच्यावरून ओवाळून निखाऱ्यांत टाकल्या. मिरच्या काळ्या झाल्या, धूर घरभर झाला, पण कुणाला साधा ठसकाही लागला नाही. म्हणजे दिष्ट भारी होती आणि जळून गेली, असं म्हणून लक्ष्मी निश्चिंत झाली. सगुण मात्र बराच वेळ त्या धुरात नाक खुपसून उभा होता. मिरचीचा वास त्यात नव्हताच.

दुसरा वकील वयस्कर होता आणि त्याने दोन तासांत फक्त स्वतःच्या जिंकलेल्या खटल्यांविषयी सांगितलं. हर्षाचं नाव त्याने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा विसरला. तिसरी पेडण्याची तेजस्विनी. तिने हर्षाला शेजारी बसवून घेतलं, तिची वेणी किती छान आहे म्हणाली, आणि तुमची मुलगी शंभर वर्षं जगेल असाच कागद करू, असं लक्ष्मीला सांगितलं. लक्ष्मीचं तिथेच ठरलं. सगुणचं ठरेना. बाई गोड होती, पण गौरेशचा प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नव्हता, आणि ते बायकोला सांगायची छाती नव्हती. मग अशा वेळी गाव जे करतो तेच त्याने केलं. देवाला विचारूया म्हणाला. लक्ष्मी लगेच कबूल झाली. देव बाईचंच नाव घेणार याची तिला खात्री होती.

ताटांची गोष्ट याच दिवसांतली. जेवणाची ताटं मांडणं हे हर्षाचं काम. लहानपणापासून ती तीन मांडायची, बोट लावून मोजायची, आई, बाबा, हर्षा. म्हापशाहून आल्यानंतर ती दोनच मांडू लागली. आई, बाबा, म्हणून थांबायची. तिसरं कुठे असं विचारलं की हसायची आणि तशीच जेवायला बसायची. त्या मेल्याचं बोलणं पोरीने ऐकलंय, असं लक्ष्मी म्हणे आणि तिसरं ताट स्वतः काढून मांडे. सगुणलाही तसंच वाटे. तसं वाटून घेणंच सोपं होतं.

विठूने पाण्याचं तांब्याचं भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिन्ही नावांना डावा कौल त्याने पाहिला नव्हता, असं तो म्हणाला. प्रश्नच चुकला असेल. कोणाकडून करायचं ते विचारलं, पण मुळात करायचं की नाही ते विचारलंच नाही.

"विचारू?" त्याने सगुणकडे बघितलं.

सगुणने मान हलवली. विठूने चौथी पाकळी चिकटवली. बा देवा, ह्या तुझ्या लेकराने आपल्या चलीच्या, हर्षाच्या नावान जे लिखाप करूक घेतलां, त्याची गरज आसा तर, एवढंच तो म्हणाला. पुढचे शब्द तोंडात असतानाच पाकळी सुटली. आकाशात विमान नव्हतं, पंखा बंद होता, समईची ज्योतसुद्धा हलली नाही. पाकळी डावीकडे पडली आणि पायापाशी पडलेल्या तिघींना जाऊन चिकटली.

विठूचा चेहरा खुलला.

"बरे झाले मरे, सगुणबाब. गरज ना म्हणता. तुझ्या चलीक तोच सांभाळतलो."

सगुणने खांबाला हात टेकला. खांब दुपारच्या वेळीही गार होता. गरज नाही. त्याच्या पश्चात तिला सांभाळायची गरज नाही. देवाने याहून स्पष्ट काय सांगायचं असतं, आणि हा गुरव हसतोय, असं त्याला वाटलं. विठूने पाचवी पाकळी बोटांत धरली होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"आणिक काय विचारूचे आसा?"

आणखी एकच प्रश्न उरला होता. तो सगुणच्या जिभेवर आलाही होता.

"नाका," तो म्हणाला. "पुरो."

घरी पोचला तेव्हा लक्ष्मी बांगडे तळत होती. मेजावर दोन ताटं मांडलेली होती. हर्षा खिडकीत बसून नदीकडे बघत होती आणि तिने वेणीत अबोलीचा वळेसर माळला होता. सगुणने पाय धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"काय म्हणालो देव?" लक्ष्मीने पाठमोरीच विचारलं.

येताना वाटेत त्याने दोनदा ठरवलं होतं, की पेडण्याच्या बाईचंच नाव सांगायचं. लक्ष्मी खूश होईल, शंभर वर्षांचा कागद होईल, आणि देवाचं देवाकडे राहील. तोंड उघडल्यावर मात्र वेगळंच नाव आलं.

"म्हापशाचो. गौरेश."

लक्ष्मीच्या हातातला कालथा थांबला. बांगडा एका बाजूने करपू लागला तरी तिने तो उलटला नाही. मग तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ती हे तोंड बघत आली होती. बोटीवरून पडून कुणी बुडालं की त्या दिवशी तो जसा घरी येई, तसा तो आत्ता उभा होता.

"तेणेच सांगला?"

सगुणने ताटाकडे बघत हुंकार दिला. लक्ष्मीने गॅस बंद केला, हात धुतले, आणि रोजच्यासारखं फळीवरचं तिसरं ताट काढून मेजावर ठेवलं. हर्षा खिडकीतून उठून आली. तिने ते ताट उचललं, पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं, आणि फळीवर परत ठेवून आईला खेटून बसली.

लक्ष्मीने ते ताट पुन्हा काढलं नाही. आपल्याच ताटातला बांगडा मोडून ती काटे वेगळे करू लागली.

"सोमवारी जाऊया म्हापशाक," ती म्हणाली. "त्याच्या त्या प्रश्नाक कोणाचे नाव सांगूचे, ते जेवल्यार ठरवया."

आणि तिने पहिला घास हर्षाच्या तोंडात घातला.