धार

पितळी गडव्यातून अखंड पडणारी पाण्याची बारीक धार आणि तिच्याखाली नऊ वर्षांच्या मुलीचे सोललेले, लालबुंद तळहात. रिद्धीचे बाबा मला दिसतात ते नेहमी या धारेच्या वरच्या टोकाला. ओठ मिटलेले, मनगट किंचित कललेले, डोळ्यांत मळभाच्या दुपारचा दमलेला उजेड. मुलीला हात स्वच्छ झाल्यासारखे वाटेपर्यंत ते थांबत नाहीत, आणि तिला तसे कधीच वाटत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावले होते, हा मनाचा आजार आहे; गोळी चालू ठेवा, पण धुण्यात तिला मदत करू नका. मी ते वहीत उतरवून घेतले. हे खिडकीबाहेर पाहत बसले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "पोरगी रडून राह्यली अन् मी नुसता पाहत राहू? तुले जमते. मले नाई जमत."

मायाळू माणसाशी भांडणे फार थकवते. त्यांचा आवाज चढत नाही, त्यामुळे माझा चढलेला आवाज घरात एकटाच घुमत राहतो. धानाच्या बांधीत किती पाणी राखायचे, धुऱ्याचा बांध कुठे फोडून किती सोडायचे, हे ज्यांना आभाळाकडे नुसते पाहून कळते, त्यांना मोरीपाशी काहीच कळेनासे होते. रोवणीच्या दिवसांत ते चोरासारखे घरी येतात. विहिरीवर अंग घासून, नखे कोरून. चिखलाने माखलेले आपले बाबा मुलीने दोन पावसाळ्यांत पाहिलेले नाहीत.

यंदा रोवणीच्या शेवटच्या दिवशी, त्यांना न विचारता, मी तिला धुऱ्यावर नेले. त्या दिवशी रोवणी करणाऱ्या बाया शेताच्या मालकाला चिखल फासतात. "पळता कुठी भाऊ, सालातून एकदाच तं हाती लागता!" म्हणत त्यांनी यांना कानशिलापर्यंत माखले. हे मान मागे टाकून हसत होते. किती दिवसांनी. तेवढ्यात एक शिंतोडा रिद्धीच्या मनगटावर उडाला आणि ती किंचाळली.

हे पिण्याच्या पाण्याच्या घागरीकडे धावले. मी घागरीवर हात ठेवला. "अहो, थोडं थांबा. थोडंच."

"मायबी अशी रायते का, बाई?" मागून कोणीतरी म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिले. "बरं. तुह्या मनासारखं होऊ दे," म्हणाले, आणि पाठ फिरवून धुऱ्यावर बसले. रिद्धी हात अंगापासून दूर धरून रडत होती. रडता रडता तिचा आवाज फाटला. हे उठले नाहीत. त्यांच्या पाठीवरचा चिखल वाळून पांढरा पडत गेला. घागर शेवटी मीच उचलली, मीच ओतली, आणि तीही रिकामी होईपर्यंत.

त्यांनी मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे झाले असते. घरी येताना रिद्धी आमच्या मधून चालत होती, कोणाचाच हात न धरता. कधीतरी ती दूर निघून जाईल, आणि आम्ही तिच्यापाशी नसताना ही वर्षे तिच्या मनात आपापली जागा घेतील. त्या आठवणीत आपण कुठल्या बाजूला उभे असू, हे आपण असेपर्यंत कोणी सांगत नाही.