पाहुण्यांची साखर

मैराम शिवणकारखान्यातून घरी आली तेव्हा सोनुनकाकू करंगळी पुढे करून बसली होती आणि मैरामची सासू उमुतकान त्या करंगळीला सुई टोचत होती. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती शेजारपाजारच्या बायका मांडी घालून बसलेल्या. तळलेल्या बोरसोकांचा ढीग, जर्दाळूचा मुरंबा, चहाचे वाडगे, आणि या सगळ्याच्या मधोमध मैरामच्या लेकीचं, बेगिमायचं, रक्तातली साखर तपासायचं यंत्र.

"ये गं सूनबाई," सोनुनकाकू म्हणाली. ती मैरामची चुलतसासू. "तुझ्या सासूनं दवाखाना उघडलाय. एवढा मुरंबा खाऊन माझं सात आलं बघ. घोडीचं रक्त आहे माझं."

बायका खिदळल्या. मैरामने अंगातला कोटही न काढता यंत्राच्या पट्ट्यांची डबी उचलून हलवली. सकाळी ती अर्धी होती. आता तळाशी चार-पाच पट्ट्या खुळखुळल्या. बाकीच्या रक्ताळून बशीत पडल्या होत्या, बोरसोकांच्या शेजारी.

"एवढ्या कशा लागल्या?"

"एकदा मुरंब्याआधी, एकदा मुरंब्यानंतर," बातमा शेजारीण म्हणाली. "पैज लावली होती, कोणाची जास्त चढते त्याची."

मैरामच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण नवऱ्याकडच्या माणसांसमोर सुनेने आवाज चढवायचा नसतो, आणि पाहुण्याने मागितलेली वस्तू हातातून काढून घ्यायची नसते. त्यांच्या तोकमोक गावात हे पोरीबाळींनाही कळतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि किटली चुलीवर इतक्या जोरात आदळली की झाकण उडून खाली पडलं.

विमा कार्यालयातली ती खिडकी तिच्या डोळ्यांसमोर आली. आतली बाई मान वर न करता बोलली होती, यंत्र फुकट, पट्ट्या तीन महिन्यांना एक डबी. पोरगी आठ वर्षांची आहे, दिवसातून पाच वेळा तपासावं लागतं, न तपासता इन्सुलिन टोचलं तर जिवाशी गाठ, हे मैरामने तिला तीनतीनदा सांगितलं. बाई म्हणाली, नियम एवढाच आहे, वरचं तुमचं तुम्ही बघा. मग डबी संपल्यावर पोरीची साखर नियमाला विचारून चढणार का, असं मैरामने विचारलं, तेव्हा बाईने खिडकीच लावून घेतली. आग लागो त्या खिडकीला. विम्याची डबी तीन आठवडेही पुरली नाही. ही दुसरी डबी मैरामने सगळे रविवार कारखान्यात घालवून, दुसऱ्यांच्या लेकरांचे गणवेश शिवून आणली होती. गेल्या महिन्यात एका पहाटे बेगिमाय घामाने भिजून हाकेला ओ देईनाशी झाली होती. तेव्हापासून मैरामला धड झोप नव्हती.

आणि इथे पैजा लागत होत्या.

पाहुण्या उठल्या. उरलेले बोरसोक रिवाजाप्रमाणे पिशव्यांत भरून, मैरामच्या गालाचे मुके घेऊन गेल्या. तिने दार लावलं आणि वळली.

"आई, तुम्हाला लाज कशी वाटली नाही? पोरीच्या तोंडातला घास आहे तो. उद्या दुपारनंतर मी काय बघून इन्सुलिन टोचू तिला? तुमच्या सोनुनचं सात बघून?"

बारा वर्षांत ती सासूशी अशी बोलली नव्हती. उमुतकानने डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट केला. मग दस्तरखानाचं टोक उचललं. खाली सोमच्या चुरगळलेल्या नोटा होत्या.

"कोरुमदुक," ती म्हणाली. "नवी सून बघायला येतात, बाळ बघायला येतात, ओंजळीत काही ना काही ठेवून जातात. म्हटलं, नवं यंत्र आलंय, बघायला बोलवू. डबीचे पैसे निघतील. बघून जातील असं वाटलं होतं गं. टोचून घेतील असं नव्हतं वाटलं."

मैरामने नोटा उचलल्या. त्यांत अर्धी डबीसुद्धा येत नव्हती.

"मग नाही म्हणायचं होतं."

"पाहुण्यांना?"

"हो, पाहुण्यांना. त्या भवान्यांना."

उमुतकान बशीतल्या रक्ताळलेल्या पट्ट्या गोळा करू लागली. कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेल्या बेगिमायने पेन्सिल खाली ठेवली.

"आजीनंपण तपासलं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी. तिचं एकोणीस आलं. आजी म्हणाली, कोणाला सांगू नको, यंत्र चुकलंय."

"चुकलंच असणार," उमुतकान घाईने म्हणाली. "चहाचा चिकट हात होता."

एकोणीस म्हणजे सोनुनकाकूच्या सातच्या जवळजवळ तिप्पट, चिकट हातानं एवढं चढत नाही, हे मैरामला ठाऊक होतं. हिवाळ्यापासून म्हातारी रात्रीतून चार वेळा उठत होती. तांब्याभर पाणी उशाशी घेऊन झोपत होती. पाय बधिर होतात म्हणत होती. आपण तिला म्हणालो होतो, वय झालं आई, आता असंच चालायचं.

"हात धुवून या."

"नको. पोरीच्या पट्ट्या आहेत."

"हात धुवून या म्हणते ना."

उमुतकान हात धुवून आली, पण मूठ उघडेना.

"मला त्या खिडकीतून काय मिळणार आहे? म्हाताऱ्यांना गोळ्या देतात आणि घरी पाठवतात. यंत्रसुद्धा देत नाहीत. मी विचारून आले आहे."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

म्हणजे म्हातारीला आधीपासून संशय होता. हे कळल्यावर मैरामचा राग दुप्पट झाला. सासूवरचा किती आणि खिडकीवरचा किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर येताय तिथे," ती म्हणाली. "आणि तिनं खिडकी लावली ना, तर मी ती फोडणार आहे."

तिने सासूची मूठ धरली आणि एकेक बोट उलगडलं. डबीतून पट्टी काढून यंत्रात घातली. दात आवळून तिने सुई बोटाच्या पेराच्या मधोमध टेकवली.

बेगिमाय उठून जवळ आली. तिने आईचा हात किंचित बाजूला सरकवला.

"मध्ये नको गं आई," ती म्हणाली. "कडेला टोच. मध्ये फार दुखतं."