घोडा नसलेला सिनेमा

राउनोला मी चारचौघांत उघडं पाडलं, त्याला आता चार महिने झाले. तेव्हापासून तो मंडळात आलेला नाही. लोरेन म्हणते, तू काही मुद्दाम केलं नाहीस. मुद्दामच केलं. लोरेनला सगळ्यांबद्दल चांगलं बोलायची सवय आहे, तिचं काय घेऊन बसायचं.

आमचं सिनेमा मंडळ चौघांचं. लोरेन लायब्ररीतून निवृत्त झाली, म्हणून लायब्ररीची मागची खोली आम्हाला महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोन ते चार मिळते. डेस्मंड शाळेत भूगोल शिकवायचा आणि ज्यात काहीच घडत नाही असे सिनेमे त्याला आवडतात. मी पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढली. आणि राउनो, कागद गिरणीतला निवृत्त इलेक्ट्रिशियन, वय अठ्ठ्याहत्तर. मंडळ त्यानेच काढलं, बावीस वर्षांपूर्वी, आणि नियमही त्यानेच केले. महिन्याला एक जुना सिनेमा आणि एक नवा. ज्याने त्याने आपापल्या घरी बघायचा, शनिवारी येऊन मत सांगायचं, दहापैकी गुण द्यायचे. सगळ्यात कडक नियम असा, की भेटीआधी कोणाचंही परीक्षण वाचायचं नाही. ना पेपरातलं, ना इंटरनेटवरचं. जो उसनं मत घेऊन येईल त्याने पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी पर्शियन आणायचे, ते गुलाबी आयसिंगचे गोड पाव, जे आमच्या या कॅनडातल्या थंडर बे गावाबाहेर कोणाला ठाऊकही नाहीत. डेस्मंडला हा दंड दोनदा झाला, दोन्ही वेळा त्याने आपणहून कबूल केलं म्हणून.

मी पहिल्या वर्षापासून वाचून जाते. मला आधी वाचल्याशिवाय कशाच्या विरुद्ध बोलायचं तेच कळत नाही.

माझ्या मतांचा गावाला कंटाळा आहे, हे मला माहीत आहे. नवरा विनिपेगला निघून गेला तो त्यामुळेच. मुलगी फोनवर म्हणते, "हो आई, बरोबर आहे तुझं," आणि हवापाण्याचं विचारते. एकटा राउनो असा होता की मी चार गुण दिले की तो हटकून आठ द्यायचा आणि मग तासभर भांडायचा. दोन तासांत भांडण संपलं नाही तर संध्याकाळी फोन करायचा. "व्हर्ना, आणखी एक सांगायचं राहिलं," अशी सुरुवात. बायको, आयली, गेली तेव्हासुद्धा तो पुढच्याच शनिवारी आला, कोट काढून खुर्चीवर बसला आणि म्हणाला, आयलीने या सिनेमाला सात दिले असते, तेव्हा माझे सहा आणि तिचे सात धरा. लोरेन रडली. मी म्हटलं, मेलेल्यांना मत नाही. तो हसला. त्याला तेव्हा तेच हवं होतं, हे मला आजही खात्रीने वाटतं.

पण गेली दीड वर्षं तो बदलला होता. मवाळ झाला होता. माझं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, "तसंही असेल" म्हणायचा. संध्याकाळचे फोन बंद झाले. गाडी विकली, विम्याचे हप्ते परवडत नाहीत म्हणाला आणि डेस्मंडबरोबर येऊ लागला. जुन्या सिनेमांबद्दल अजून थोडं जिवंत बोलायचा, पण नव्यांबद्दल त्याची एकच तक्रार, की हल्ली सगळा काळोख असतो आणि माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यापुढे जे बोलायचा ते इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत. राउनो कधी असा बोलत नसे. मला वाटलं, याला आता आमची किंमत राहिली नाही, वेळ काढायला येतो. मला याचा किती राग येत होता ते मी कोणाला सांगितलं नाही. जगात एक माणूस माझ्याशी भांडत होता आणि त्यानेही सोडलं होतं.

नोव्हेंबरचा नवा सिनेमा डेस्मंडने निवडला. उत्तरेकडच्या रस्त्यावर बर्फ हटवायची गाडी चालवणारा एक विधुर म्हातारा. दोन तासांच्या सिनेमात चाळीस वाक्यं असतील नसतील. राउनोची पाळी आली तेव्हा तो कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, "इथे बर्फ म्हणजे हवामान नाही. तो त्या घरात राहणारा आणखी एक माणूस आहे."

लोरेन वा म्हणाली. मी गप्प बसले, कारण हे वाक्य मी सोमवारी टोरांटोच्या पेपरात वाचलं होतं, शब्दन् शब्द.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नियम करणारा हा, आणि हाच आता उसनं आणून आम्हाला ऐकवतो. पण सरळ बोलायची सोय नव्हती. वाक्य पेपरातलं आहे हे तुला कसं कळलं, असं डेस्मंडने विचारलं असतं तर माझंही बिंग फुटलं असतं. तेव्हा मी दुसरी वाट धरली.

"राउनो, तो घोड्याचा प्रसंग तुला कसा वाटला?" मी विचारलं. "गोठलेल्या तळ्यावरचा. पांढरा घोडा एकटाच चालत येतो तो."

डेस्मंडने माझ्याकडे पाहिलं. लोरेनचं तोंड उघडलं, मी तिला हातानेच थांबवलं. राउनोने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तोच तर सगळ्यात सुंदर आहे. तेवढ्यासाठी मी परत मागे नेऊन बघितला."

"त्यात घोडा नाही, राउनो. सिनेमाभर घोडा नाही."

मला वाटलं होतं तो चिडेल, टेबलावर हात आपटेल, आणि मग आमचं पूर्वीसारखं जुंपेल. तो उठला. खुंट्यांकडे गेला आणि पहिला हाताला लागला तो कोट काढून घालू लागला. तो माझा होता, मरून रंगाचा, गळ्याला फर असलेला बायकी कोट. एक बाही चढवून झाली तेव्हा फर त्याच्या हनुवटीला लागली आणि तो तसाच थांबला. डेस्मंडने उठून माझा कोट त्याच्या अंगातून काढला, त्याचा त्याला घातला आणि त्याच्याबरोबर बाहेर गेला. कोणीही हसलं नाही.

"त्याला दिसत नाही," लोरेन म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"नाही. आत्ता कळलं."

दहा दिवस मी फोन करत होते, त्याने उचलला नाही. अकराव्या दिवशी दुपारी मी सहा पर्शियन घेऊन त्याच्या घरी गेले. दार उघडंच होतं. तो बैठकीत टीव्हीसमोर बसला होता, टीव्ही बंद होता. मी आले म्हटल्यावर त्याने मान थोडी वळवून माझ्याकडे तिरकं पाहिलं. नंतर त्यानेच सांगितलं की नजरेचा मधला भाग गेला आहे, दीड वर्ष झालं. कडेचं दिसतं. समोर बघितलं की पडदे दिसतात, खुर्चीचे हात दिसतात, आणि मध्ये मी असायला हवी तिथे धुरकट डाग. डॉक्टर म्हणाले, आणखी जाईल, परत येणार नाही. कैया, त्याची कॅल्गरीला असलेली मुलगी, दर शुक्रवारी फोनवर त्याला परीक्षणं वाचून दाखवायची. ज्या सिनेमात बोलणं भरपूर असतं ते तो कानाने निभावून न्यायचा. बर्फाच्या सिनेमात दोन तास त्याने फक्त इंजिन ऐकलं होतं.

"मला सांगायचंस तरी," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर लोरेन माझ्याशी सावकाश बोलायला लागली असती. डेस्मंडने बोलके सिनेमे निवडले असते. आणि तू माझ्याशी नीट वागली असतीस." त्याने पर्शियनचं खोकं चाचपलं. "मला कुठेतरी एक माणूस हवं होतं जे माझ्यावर वैतागेल. घरात आता कोणी नाही तसं."

मग मी कबूल केलं. म्हटलं, मीही वाचून येते, बावीस वर्षं. ते वाक्य मी ओळखलं म्हणूनच घोडा काढला. त्याला याचं काहीच वाटलं नाही. "आयली म्हणायची ना, व्हर्ना पेपर उलटा धरून वाचते. लिहिलेलं असेल त्याच्या बरोबर उलट तिचं मत. आम्ही शुक्रवारी पेपर वाचून तुझे गुण आधीच सांगायचो. एखाद्या वेळीच चुकायचो."

म्हणजे नियम कोणीच पाळत नव्हतं. आम्ही दोघं हसलो. त्या घरात हसू ऐकून मला इतका धीर आला की मी लगेच बोलून बसले. म्हटलं, यापुढे दर महिन्याला मी येईन, शेजारी बसेन, पडद्यावर काय चाललंय ते तुला सांगत जाईन. शनिवारी तू तुझं स्वतःचं मत घेऊन ये आणि माझं डोकं खा.

त्याने पर्शियनचं खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "तोच लाव. बर्फाचा. तुम्ही तिघांनी बघितला, मी नाही बघितला."

मी सिनेमा लावला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"हा म्हातारा आला," मी सुरू केलं. "चेहऱ्यावरची माशी हलत नाही. याला कामाला कोणी घेतलं देव जाणे."

"काय करतोय?"

"चहा ढवळतोय, उगाचच. दिग्दर्शकाला वाटतं आपण फार खोल काही दाखवतोय."

"खोलीत काय आहे, व्हर्ना?"

"तेच ठरावीक. एकटेपणा दाखवायचा म्हणून मुद्दाम मांडलेलं सामान."

"काय सामान?"

मी बघितलं. टेबल, म्हटलं. स्टोव्ह. खिडकी. खिडकीबाहेर बर्फ. कसा बर्फ, त्याने विचारलं. मी म्हटलं, कंटाळवाणा. त्याने हात वर केला आणि मी थांबले. पुन्हा सुरू केलं. अर्धा तास मी जीव तोडून प्रयत्न केला. तोंड उघडलं की निकालच बाहेर पडायचा. हे फसलंय, हे बरंय, हे आधी दहा जणांनी केलंय. तो प्रत्येक वेळी विचारायचा, पण काय दिसतंय? आणि मला नुसतं दिसतंय ते सांगायचं म्हटलं की तिसऱ्या शब्दाला अडायला व्हायचं. पोस्टात साहेबांनी उभं करून झापलं तेव्हाही मी इतकी गांगरले नव्हते.

मग इंजिनाचा आवाज थांबला.

"गाडी का थांबली?" राउनोने विचारलं.

म्हातारा खाली उतरला. दिव्यांच्या उजेडात रस्त्याकडेला गावाच्या नावाची पाटी होती, बर्फाने माखलेली. त्याने हातमोजा काढला आणि उघड्या हाताने बर्फ पुसायला लागला. अक्षरं दिसली. हात तसाच पाटीवर ठेवून तो उभा राहिला, आणि त्याचे गाल ओले झाले. तो रडत होता. बराच वेळ रडत होता.

हा प्रसंग मी बघितलेलाच नव्हता. या माणसाला रडताच येत नाही, म्हणून सिनेमा कोरडा, असं मी त्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि चार गुण दिले होते. घरी मी टीव्हीसमोरच बसले होते, झोपही लागली नव्हती. समोर हे चाललं असताना मी मनात वाक्यं जुळवत असणार.

"व्हर्ना, काय चाललंय?"

"पाटी पुसतोय," मी म्हटलं. "रडतोय."

"तू तर म्हणालीस तो रडत नाही."

"हो."

त्याने डोकं वळवून मला कडेच्या नजरेने शोधलं. त्याला सगळं कळलं होतं. मला वाटलं आता तो हसेल, टोमणा मारेल, निदान मला खोटारडी म्हणेल. त्याचा आवाज अगदी साधा होता.

"इतकी वर्षं मला वाटायचं, आपण दोघं एकच सिनेमा बघतो आणि त्यावर भांडतो. तू बघतच नव्हतीस गं. तू शनिवारची तयारी करत होतीस."

"आणि तू?" मी विचारलं. चिडून नाही विचारलं. त्याने नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"मीही तेच करत असेन," राउनो म्हणाला. "पण मला आता परत बघून खात्री करता येत नाही."

इंजिन पुन्हा सुरू झालं. पडद्यावर कोणीतरी आलं, कोणीतरी गेलं. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सिनेमा संपेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.